हॅकर्स बेंडच्या वाट्याचे पैसे

कोलंबस, ओहायो
९ मार्च २०२४

प्रिय आत्या,

पत्र बघून दचकू नकोस, पैसे मागत नाहीये.

इथे, व्यसनातून उठणाऱ्या बायकांच्या या घरात, आमचे फोन कुलपात असतात. रविवारी दहा मिनिटं मिळतात, आणि ती दहा मिनिटं आयव्हीची. नऊ वर्षांच्या पोरीला आईशी बोलायला दहा मिनिटंही जास्त होतात म्हणा. परवा सहाव्या मिनिटाला म्हणाली, "मम्मी, ठेवू का आता? कार्टून लागलंय." म्हणून तुझ्या वाट्याला पत्र.

आम्हाला इथे एक काम देतात. गोळ्यांच्या नादात ज्यांचं ज्यांचं वाईट केलं त्यांची यादी करायची आणि एकेकाची माफी मागायची. माझी सत्तावीस नावं झाली. आमची डोरीन, जी आमच्यावर लक्ष ठेवते, ती यादी वाचून म्हणाली, "अगं, तुझं गाव आहे तरी केवढं?"

तुझं नाव पहिलं आहे. गवत कापायचं मशीन चोराने नेलं असं मीच ओरडले होते, आणि विकलंही मीच. नाताळातला हॅम कुत्र्याने नाही, मी नेला. आणि आयव्हीला तुझ्या ओसरीवर बसवून "तासाभरात येते" म्हणाले आणि नऊ दिवसांनी आले. याची माफी कशी मागतात ते मला माहीत नाही, म्हणून नुसतं लिहिते.

चौदा महिने झाले, आत्या. या चौदा महिन्यांत एकदाही नाही. जज्जबाई म्हणतात, तुझ्या घरी तुझ्या नजरेखाली राहिले तर आयव्ही माझ्याजवळ राहू शकते. ऑगस्टमध्ये तिची चौथी सुरू होते. पहिल्या दिवशी तिला शाळेत मी सोडायचं, एवढं एकच माझ्या डोक्यात आहे. मागची खोली मिळेल का?

तुझी,
शॉना


हॅकर्स बेंड, वेस्ट व्हर्जिनिया
१८ मार्च

शॉना,

तुझी माफी पोचली. मशीनचं मनाला लावून घेऊ नकोस, तुझे वेंडल काका गेल्यापासून ते सुरूच होत नव्हतं. ज्या बापड्याने ते तुझ्याकडून विकत घेतलं त्याचं नाव मात्र यादीत घाल. हॅमचं मला तेव्हाच कळलं होतं. कुत्रा काही ताटासकट नेत नाही. पण त्याला मी आठवडाभर अंगणात बांधून ठेवलं होतं, तेव्हा त्याचीही माफी माग.

नऊ दिवसांचं वाचलं. तिथे पत्राची घडी घातली, भांडी घासली आणि मग पुढचं वाचलं.

खोली तुझीच आहे. तिथलं शिवणाचं मशीन बाहेर काढते. फक्त ये ती पुरती बरी होऊन ये, औषधं-बिवषधं सगळी संपवून. आणि एक सांगते, यादीत माझं नाव पहिलं कशाला? शेवटी टाक, नाहीतर काढून टाक. हे सगळं कधी नि कसं सुरू झालं ते तुमच्याकडून लिहून घेतात म्हणे. असलं उकरत बसू नये. झालं ते झालं.

आता माझी बातमी ऐक. मी कमिटीवर आहे. तू हसशील, हस. दुखण्यावरच्या त्या गोळ्यांच्या कंपन्या कोर्टात हरल्या आणि त्यांना दंड भरावा लागला, त्यातला गावोगावचा वाटा आता यायला लागलाय. आपल्या गावाला यंदा बासष्ट हजार डॉलर आले. पंधरा वर्षांत चौतीस जणांना या गावाने पुरलं, शॉना, आणि बासष्ट हजार आले. भागाकार मी केला नाही, कुणी करूही नये.

कमिटीत पाच जण. नगराध्यक्ष डेल्मर फाइक, तोच हार्डवेअरवाला. ऑर्व्हिल स्टट्झ, अंत्यविधीवाला. या सगळ्या प्रकरणात गावात धंदा वाढला तो एकट्याचा, म्हणून त्याला अनुभवी समजतात. शाळेची नर्स कॉनी, पास्टर लीमन, आणि जनतेची प्रतिनिधी म्हणून मी. शाळेच्या भटारखान्यात एकतीस वर्षं या जनतेला वाढलंय, त्यामुळे कोण काय पानात टाकून उठतो ते मला पाठ आहे. पगार नाही, भत्ता नाही, नुसत्या लष्कराच्या भाकऱ्या.

डेल्मरला कुत्रा हवाय. अमली पदार्थ हुंगणारा. त्याच्या पुढे त्याला दुसरं सुचतच नाही. तरी नदीपलीकडच्या गिल्मनवाल्यांपेक्षा बरा. ते पडले ओहायोत, त्यांना त्यांचे वेगळे पैसे आले, आणि त्यांनी काय घेतलं असेल? फुटबॉलच्या मैदानावर विजेचा धावफलक. त्यावर दर दोन मिनिटांनी "नाही म्हणा" असं झळकतं. माझ्या ओसरीवरून दिसतं. गेल्या हंगामात एकही सामना जिंकले नाहीत, पोरांनी ते फारच मनावर घेतलंय.

आयव्हीचा दात पडला. पुढचा.

ओपल आत्या


कोलंबस
२ एप्रिल

प्रिय आत्या,

कुत्र्याची माफी मागितली आहे असं समज. एकूण अठ्ठावीस झाले.

तू कमिटीवर, हे मी जेवताना सगळ्यांना वाचून दाखवलं. डोरीनला तर तुझं पत्र भिंतीला लावायचं होतं. मी दिलं नाही.

तुझ्या कमिटीसाठी एक सुचवू का? आमच्याकडे मार्ला म्हणून एक जण आहे, माझ्याच खोलीत. ती रोज सकाळी दवाखान्यात जाते, खिडकीपाशी उभी राहते, पेलाभर लाल औषध नर्ससमोर पिते आणि येते. मेथाडोन म्हणतात त्याला. त्याने तिला ती ओढ लागत नाही, दिवसभर माणसात राहते, कामावर जाते. तिला आपल्या गावी परत जायचंय, पण तिच्या गावापासून दवाखाना चाळीस मैल. लायसन्स जप्त आहे. नव्या दवाखान्यात गेलं की पहिले काही महिने रोज जावं लागतं, औषध घरी देत नाहीत. बस नाही. म्हणजे ती बरी आहे, घर आहे, लेकरू आहे, आणि तरी अडकलीये ती रस्त्यामुळे.

ती सांगत होती, काही गावांनी या पैशातून रोज दवाखान्यापर्यंत जायला गाडी ठेवलीय. आपल्याकडूनही दवाखाना एक्केचाळीस मैलांवर आहे ना? मी नुसतं सुचवलं. मला काय.

आयव्हीचा दात ठेवलायस का?

तुझी,
शॉना


हॅकर्स बेंड
२२ एप्रिल

शॉना,

आधी कुत्र्याचं. नाहीतर पोट फुटेल माझं.

डेल्मरने त्या कंपनीच्या माणसाला कुत्रा घेऊन बोलावलं, म्हणाला, सगळं गाव एकत्र असेल तेव्हाच प्रात्यक्षिक करू. आणि एप्रिलमध्ये सगळं गाव एकत्र असतं ते कधी? अग्निशमन दलाच्या रानकांद्याच्या जेवणाला. चाळीस पौंड रानकांदा, डुकराच्या चरबीत परतलेला, वर बटाटे. तुला तो वास माहीत आहे. त्या आठवड्यात शाळेत मास्तर खिडक्या उघड्या ठेवून शिकवतात. तिथे या शहाण्याने हुंगणारा कुत्रा आणला.

कुत्र्याचं नाव सार्जंट. अठरा हजारांचा. दारातून आत आला आणि शिंकायला लागला. एक, दोन, तीन. आयव्हीने अकरापर्यंत मोजल्या. ऑर्व्हिलच्या बुटाच्या खोक्यात नमुन्याची पुडी लपवली होती, ती काही त्याला सापडली नाही. तो पास्टर लीमनच्या टेबलाखाली जाऊन नाकावर दोन्ही पाय ठेवून पडला. तो कंपनीचा माणूस आधी "सार्जंट, शोध" म्हणत होता, मग नुसतं "सार्जंट, ऊठ रे" म्हणायला लागला. शेवटी डेल्मरने त्याला पाणी दाखवलं तर तो नदीच्या दिशेने जो सुटला तो थेट पुलापर्यंत. गिल्मनला जाऊन राहील असं वाटलं होतं, पण पुलावरून परत आला. कुत्र्यालाही अक्कल असते.

तर कुत्रा रद्द. आता तुझ्या गाडीचं. गंमत म्हणजे कॉनी नर्सही तेच म्हणते. डेल्मर म्हणतो, "या गावात त्या गाडीत बसणारं आहे कोण?" मला कॉनीचं पटत नाही, आणि तुझ्या मार्लाचंही. वाईट मानू नकोस. पण बिअर पाजून दारू सोडवायचा हा प्रकार झाला. एक पेला सुटला आणि दुसरा हातात आला, त्याला बरं होणं कसं म्हणायचं? तू बघ, चौदा महिने स्वतःच्या हिमतीवर काढलेस. मी इथे सगळ्यांना तेच सांगते. डोळे भरून येतात माझे सांगताना.

माझं मत अजून कुणाला दिलेलं नाही. दोन इकडे, दोन तिकडे, मधोमध मी. आयुष्यात पहिल्यांदा लोक मला पाय आणून देतायत, म्हणजे खायचे, सफरचंदाचं सारण भरून भाजलेले. फ्रिज भरलाय.

दात माझ्या दागिन्यांच्या पेटीत आहे.

ओपल आत्या


कोलंबस
३ मे

आत्या,

मार्लाचं तुला सांगते, मग तू काय ते ठरव.

तिलाही तुझ्यासारखंच वाटायचं. घरचे म्हणतील, अजून पेलाच पितेस, मग बरी कसली झालीस? म्हणून दीड वर्षापूर्वी तिने ते औषध कुणाला न विचारता सोडून दिलं, स्वतःच्या हिमतीवर. वीस दिवस गेले. एकविसाव्या दिवशी ती पेट्रोल पंपाच्या संडासात निळी पडलेली सापडली. पंपावरच्या पोरीने नाकात तो गोळ्यांवर उताऱ्याचा फवारा मारला म्हणून उठली. ती पोरगी रडत होती आणि मार्ला तिलाच धीर देत होती.

दारू पिणारा बिअर पिऊन पडतो, आत्या. मार्ला तो पेला पिऊन कामावर जाते, आठ तास कपड्यांना इस्त्री करते, संध्याकाळी लेकीला पत्र लिहिते. तू त्याला काय नाव द्यायचं ते दे. ती त्याला मंगळवार म्हणते. अजून एक मंगळवार.

मला तुझ्याशी भांडायचं नव्हतं. पायमधला एखादा आयव्हीला दे.

शॉना


हॅकर्स बेंड
१४ जून

शॉना,

तुझं पत्र मी तीनदा वाचलं. मग कॉनीकडे गेले, तिला म्हटलं, मला नीट समजावून सांग, मी अडाणी आहे असं समज. ती दोन तास बोलली. येताना मी तिच्याकडून फवाऱ्याचे दोन डबेही आणले, एक ओसरीवर आणि एक चर्चच्या दारात ठेवला. ऑर्व्हिलने तो सर्दीवरचा समजून दोन्ही नाकपुड्यांत मारला आणि म्हणाला, "ओपल, काहीच गुण नाही गं." त्याला काही झालं नाही. होत नाही म्हणे काही, ज्याला गरज नाही त्याला.

तर आता ऐक. गाडी मंजूर झाली. तीन विरुद्ध दोन. कॉनी, पास्टर लीमन आणि मी. डेल्मर आणि ऑर्व्हिल विरुद्ध. मी हात वर केला तेव्हा डेल्मर माझ्याकडे असा बघत होता की जणू मी त्याच्या घरात चोरी केली. नऊ जणांची गाडी, सोमवार ते शनिवार, पहाटे पावणेपाचला चर्चच्या आवारातून. तुझ्या मार्लाला सांग, एका म्हातारीने तिच्यासाठी हात वर केला. तिचं गाव आपलं नाही, पण तरी सांग.

पास्टर लीमन मात्र ऐन वेळी कचरले होते. म्हणाले, गाडी ठेवली की गिल्मनचे लोक पूल ओलांडून येऊन बसतील. बरोबरच आहे. स्वतःच्या पैशाचा धावफलक केला आणि आता आयत्या बिळावर नागोबा. मग मीच तोड काढली. मी म्हटलं, ठरावात लिहा, जो गेले सलग बारा महिने या गावात मुक्कामाला आहे त्यालाच गाडीत जागा. वीजबिल दाखवा, नाहीतर शेजाऱ्याची सही आणा. झालं, पास्टरांचं समाधान. सगळे म्हणाले, वा ओपल, शाबास. मला घरी येईपर्यंत धीर निघेना, कधी एकदा तुला कळवते असं झालं होतं.

खोलीला रंग दिला. आयव्हीने पिवळा निवडला, आणि तोच लागला.

ओपल आत्या


कोलंबस
२० जून

आत्या,

मार्ला नावाची कुणी नाही. मार्ला मीच.

चौदा महिने स्वतःच्या हिमतीवर काढलेले नाहीत. रोज सकाळी त्या खिडकीशी उभं राहून काढलेत. तू लिहिलंस की सगळ्यांना सांगतेस, डोळे भरून येतात, मग मला कसं सांगवेल? पंपावर पडले होते ती मीच. ते चौदा महिने त्याच्यानंतरचे आहेत.

आणि बारा महिने मुक्काम माझा कोलंबसला झाला, हॅकर्स बेंडला नाही. म्हणजे तुझ्या गाडीत मला जागा नाही. तू गिल्मनवाल्यांसाठी दार लावलंस, त्यात माझी बोटं अडकली. मी रागावलेले नाही. हसूच आलं आधी, खरंच. मग बाथरूममध्ये जाऊन बसले.

पुढच्या उन्हाळ्यापर्यंत इथेच राहते. तेव्हा लायसन्स परत मिळेल. आयव्हीची पाचवी असेल. खोलीत शिवणाचं मशीन परत ठेव.

शॉना


हॅकर्स बेंड
५ ऑगस्ट

शॉना,

सहा आठवडे माझं पत्र नाही म्हणून तुला वाटलं असेल, म्हातारी रुसली. रुसले नव्हते, बाई. तुला लिहायला तोंड नव्हतं.

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे. पण तेवढंच असतं तर दुसऱ्याच दिवशी लिहिलं असतं. त्याच्या मागे जे आहे ते लिहायला सहा आठवडे लागले.

तुझं पत्र आल्यावर पहिल्यांदा मी माझ्या गाडीत बसले आणि तो दवाखाना बघायला निघाले. एकटीच, पहाटे पावणेपाचला. म्हटलं, पोरगी रोज जिथे उभी राहते ती जागा कशी असते ते आपल्या डोळ्यांनी बघू. एक्केचाळीस मैल, वाटेत दोन हरणं आणि एक पोलीस. पोचले तर तिथे रांग. मला वाटलं होतं, भुतं असतील. खाणकामगार होता टोपीवर दिवा असलेला, एक बाई परिचारिकेच्या कपड्यांत होती, एक माझ्याच वयाची आजी विणकाम घेऊन उभी होती. मी लाजले.

आणि आवाराच्या कोपऱ्यात डेल्मरचा ट्रक. मी काचेवर टकटक केलं. त्याने तोंडासमोर पेपर धरला होता, उलटा.

"डेल्मर, तू इथे काय करतोस?"

"खिळे न्यायला आलोय, ओपलबाई."

"पहाटे साडेपाचला?"

त्याने पेपर सरळ केला. तेवढ्यात दवाखान्यातून नोलन बाहेर आला, त्याचा धाकटा. सगळ्या गावाला माहीत की नोलन तिकडे गोदामात कामाला जातो. दोन वर्षं, शॉना. दोन वर्षं हा माणूस रोज पोराला घेऊन जातोय आणि नऊला दुकान उघडतोय. मला इतका संताप आला. म्हटलं, "अरे मेल्या, मग कमिटीत कुत्रा कुत्रा काय करत होतास? गाडीच्या विरोधात हात कसला वर केलास?"

तर म्हणाला, "गाडी झाली की त्याला चर्चच्या आवारात सगळ्यांसमोर उभं राहायला लागेल. माझ्या ट्रकमध्ये तो खाली वाकून बसतो. आणि ओपलबाई, कुत्रा मागितला की घरात कोण आहे असं कुणी विचारत नाही."

मग मी त्याच्या शेजारी जाऊन बसले. नोलनने मला कॉफी आणून दिली. फार गुणी पोरगा. तुला हे लिहायची परवानगी त्या दोघांनी दिलीय, बाकी कुणाला नाही.

येताना एक्केचाळीस मैल मी स्वतःशी भांडत आले. डेल्मर लपवतो म्हणून मी त्याला मेल्या म्हणाले. आणि मी काय लपवत होते?

तुला आठवतंच असेल. मला रोज आठवतं. वेंडलची पाठ खाणीत गेली तेव्हा डॉक्टरने त्याला त्या गोळ्या लिहून दिल्या, महिन्याला नव्वद. तो गेला तेव्हा केवढ्या तरी उरल्या. टाकायच्या कशा? पैशाची वस्तू. मी त्या कॉफीच्या डब्यात भरल्या, डबा फ्रिजवर. कुणाचा गुडघा, कुणाची कंबर, मी द्यायची, जशी सुपाची वाटी द्यावी तशी. डॉक्टरने दिलेलं ते औषधच की. तू एकोणीस वर्षांची होतीस, अक्कलदाढ काढली होती. मी पेपर नॅपकिनमध्ये तीन बांधून दिल्या. दुसऱ्या दिवशी तू आणखी मागितल्यास, मी चार दिल्या. डबा हलका व्हायला लागला तेव्हा मला कळलं होतं. मी डबा हलवला नाही, तुला विचारलंही नाही. म्हणून तुला लिहिलं होतं, कसं सुरू झालं ते उकरू नकोस.

२९ जुलैला सभा होती. मी कमिटीच्या खुर्चीवरून उठले आणि जनतेच्या रांगेत जाऊन उभी राहिले. जनतेला तीन मिनिटं, कॉनी अंडी उकडायचं घड्याळ लावते. मी म्हटलं, बारा महिन्यांची अट मी घातली, ती काढा, कारण तिच्यामुळे माझीच पोर बाहेर राहिली. आणि मग डब्याचं सांगितलं. सगळं. नॅपकिनसकट. घड्याळ वाजलं, मला कुणी बस म्हणालं नाही.

मला वाटलं, आता गाव माझ्यावर थुंकेल. तर ऑर्व्हिल स्टट्झ उठला. म्हणाला, "आमच्या आईची बिस्किटांची बरणी होती." मागून कुणी म्हणालं, आमचा शिवणाचा डबा. पास्टरांच्या बायकोने पास्टरांकडे न बघता सांगितलं, आमच्याकडे प्रार्थनेच्या पुस्तकांचा खण. शॉना, गोळ्या न वाटलेलं एक घर या गावात शोधायचं तर कुत्रा आणावा लागला असता. काही बायका रडत होत्या, मग ऑर्व्हिलच रडायला लागला. चौतीस जणांना त्याने हाताने कपडे घातलेत, हे मला कधी सुचलंच नव्हतं. धंदा वाढला म्हणून मी त्याची थट्टा करत आले. घरी जाऊन त्याला पाय दिला, सफरचंदाचा.

मतदान झालं. अट काढायच्या बाजूने चार. डेल्मरनेही हात वर केला. पास्टर एकटे विरुद्ध, गिल्मनवाल्यांमुळे. येऊ देत गिल्मनचे. ते बिचारे धावफलक बघत बसलेत.

पण नियम असा की ठराव दोन सभांत वाचल्याशिवाय पक्का होत नाही, आणि पुढची सभा सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात. शाळा एकोणीस ऑगस्टला. तोवर गाडी तुला घेणार नाही.

म्हणून माझं आणि डेल्मरचं ठरलंय. सोमवार, बुधवार, शुक्रवार नोलन आणि तू त्याच्या ट्रकमध्ये. मंगळवार, गुरुवार, शनिवार तुम्ही दोघं माझ्या गाडीत, आणि वाकून बसायचं नाही. पावणेपाचला निघायचं, सातच्या आत घरी, मग तू पोरीला शाळेत सोडायचंस. सप्टेंबरपर्यंतच कशाला, लागेल तितके दिवस. मला आता मंगळवार आवडायला लागलेत.

तुझ्या यादीत अठ्ठावीस नावं. माझ्या यादीत एकच आहे. मला माफ कर, शॉना.

आयव्हीला अजून काही सांगितलेलं नाही.

ओपल आत्या


कोलंबस
९ ऑगस्ट

प्रिय आत्या,

आमच्याकडे आणखी एक यादी असते. आपण ज्यांचं वाईट केलं त्यांची नव्हे, ज्यांच्यावर आपला राग आहे त्यांची. डोरीनने तीनदा विचारलं, पहिली गोळी देणारी त्यात कशी नाही? मी म्हटलं, तिने मला दातदुखीवर औषध दिलं होतं. पुढचं मी केलं. पण आत्या, तू सगळ्या गावासमोर उभी राहून सांगितलंस, हे वाचून मी इतकी रडले की डोरीनने मला माझा फोन देऊ केला. मी नको म्हटलं. हे फोनवर बोलायचं नव्हतं.

माफ आहे. डबा तेवढा फेकून दे, अजून असेल तर. तुला मी ओळखते, त्यात आता बटणं असतील.

नव्या दवाखान्याला इथून कागद गेले. एकोणीसला, सोमवारी पहिला दिवस, म्हणजे डेल्मरचा ट्रक. त्याला सांग, मी पुढे बसणार, मला मागे मळमळतं. इथल्यांनी मला केक केलाय आणि डोरीनला तुझा पत्ता हवाय, तुला पत्र लिहायचंय म्हणते. सांभाळून राहा, ती फार लिहिते.

सतराला, शनिवारी दुपारी तीनच्या बसने येते. बस पुलाच्या त्या टोकाला थांबते, म्हणजे गिल्मनमध्ये. तिथून चालत येईन.

आयव्हीला का सांगितलं नाहीस ते मला माहीत आहे. दोनदा मी येते म्हणून सांगितलं, दोनदा ती पायरीवर बूट घालून बसली, आणि दोनदा मी आले नाही. तेव्हापासून मी दारात दिसेपर्यंत तू तिला काही बोलत नाहीस. बरोबरच केलंस. मीही तेच केलं असतं.

आत्या, या वेळी तिला सांग.

तुझी,
शॉना